रिंगणांतील एक जागा

घरीं गाण्याची बैठक ठरली, कीं जाजम अंथरावें, तंबोरा पुसावा, पाहुण्यांसाठीं तक्के मांडावे, अशी सर्वांची धांवपळ सुरू होते. या गडबडींत घरांतील एखादा अंध पुतण्या किंवा बहिरी आत्या यांना कोठें बसवावें, हा प्रश्न बहुधा कोणाच्या मनांत येत नाहीं. पुतण्या दाराआडून ऐकतो. आत्या स्वयंपाकघरांत चहाचें आधण पाहते. "तिला काय ऐकूं येणार!" एवढ्या एका वाक्यांत तिच्या वांट्याचा आनंद आपण निकालांत काढतों. यांत दुष्टपणा मुळींच नसतो. उणा पडतो तो विचार.

असा विचार करावयास लावणारें एक नृत्य पालघर जिल्ह्यांतील जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत नांदत आहे. भाताचें पीक हातीं आलें, कीं तेथील वारल्यांच्या पाड्यांवर तारपा वाजूं लागतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा, एवढ्यांतून हें वाद्य सिद्ध होतें. वादक मध्यभागीं असतो. स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेभोंवतीं हात गुंफून त्याच्याभोंवतीं फिरतात. पुढचा नर्तक हातांतील काठी जमिनीवर आपटून ठेका धरतो. तारप्याची चाल बदलली, कीं पावलेंहि बदलतात.

या नृत्याची घडण जरा बारकाईनें पाहावी. चाल कळते ती कानांना, वळण कळतें तें कमरेवरील शेजाऱ्याच्या हातामुळें, आणि ठेका तळपायांनाहि कळूं शकतो. म्हणजे अंधास या सांखळींत वाट सांपडावी, आणि ज्याला ऐकूं येत नाहीं त्यालाहि शेजाऱ्याच्या अंगाच्या झोक्यावरून पाऊल उमजावें, अशी ही रचना आहे. तेथलाच बोहाडा याच्या उलट. रात्रीच्या वेळीं देवदानवांचे मोठमोठे मुखवटे चढवून सोंगें एकामागून एक नाचत येतात. बहिऱ्या माणसास त्यांतील पुष्कळसें डोळ्यांनींच कळेल. अंधाच्या कानांत मात्र "आतां गणपति आला, हा पाहा रावण," असें सांगणारा कोणी जवळ हवा. कलेचें एक दार मिटलेलें असलें, तरी दुसरें उघडें असूं शकतें. तें दाखविणारें माणूस मात्र पाहिजे.

हें नुसतें कल्पनेचें बोलणें नव्हे. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी या बाई बाराव्या वर्षाच्या सुमारास जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या. तरी तालवाद्यांच्या वादनांत त्यांनीं जगभर कीर्ति मिळविली. नादाचीं कंपनें पायांना कळावीं म्हणून त्या अनवाणी वाजवितात. आपल्या इकडे कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांची दृष्टि लहानपणीं फटाक्यानें अधू झाली, आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांची तालीम सुरू झाली. त्यांनींच पुढें १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें.

परंतु दृष्टि गेली कीं हातीं पेटी द्यावी, एवढ्यावरच आपण थांबतों. ज्याला गवई व्हावयाचें नाहीं, चारचौघांत बसून आनंद तेवढा घ्यावयाचा आहे, त्याचें काय? आणि ज्याला गाणें शास्त्रशुद्ध शिकावयाचें आहे, त्याच्या बोटांना वाचतां येईल असें पुस्तक त्याला कोण देतो? फ्रान्समधील लुई ब्रेल या अंध तरुणानें तर १८२९ सालींच अक्षरांबरोबर स्वरहि उठावाच्या ठिपक्यांनीं लिहिण्याची पद्धति प्रसिद्ध केली होती.

आपल्या देशांत २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमाच्या २९ व्या कलमानें कला सर्वांस सुलभ करणें, आणि कलाशिक्षणाचे अभ्यासक्रम त्या दृष्टीनें बदलणें, हें सरकारचें काम ठरविलें आहे. पण कायद्याचा हात फार तर नाट्यगृहाच्या पायऱ्यांपर्यंत पोंचेल. आपल्या दिवाणखान्यांतील जागा आपणच करून द्यावी लागते.

त्यास खर्च तो कितीसा? आजोबांना जिना चढवत नसेल, तर बैठक माडीवर न करतां ओटीवर करावी. तंबोरा जुळवीत असतांना आत्याचा हात त्याच्या भोपळ्यावर हलकेच ठेवूं द्यावा, तिला वादकांचे हात दिसतील अशी पुढची जागा द्यावी, आणि पदाचे शब्द एखाद्या मुलीनें मोठ्या अक्षरांत तिला लिहून द्यावे. नाटकास जातांना अंध पुतण्यास बरोबर न्यावें. पडदा उघडण्यापूर्वीं रंगमंचावर काय मांडलें आहे, कोण कोणत्या वेषांत येणार, हें त्यास सांगून ठेवावें. आणि हें सारें ठरविण्याआधीं एक गोष्ट अवश्य करावी, जी आपण सहसा विसरतों: "तुम्हांला काय आवडेल?" असें त्यांनाच विचारावें. कदाचित् आत्या हंसून म्हणतील, "मला आपली स्वयंपाकघरांतच बरी." तसें म्हणाल्या, तर चहा दुसऱ्या कोणीं तरी करावा, आणि पुन्हां एकदां विचारावें.