चौलची खाडी आणि तीन दिवसांची सुट्टी

१/
शनिवार-रविवारला एखादी सुट्टी जोडून आली की मुंबई-पुण्याच्या मोटारी वडखळच्या दिशेने रांग धरतात. बेत बहुधा ठरलेला असतो. सकाळी एखादा किल्ला, दुपारी माशांचे जेवण, संध्याकाळी काशीदची वाळू. बेत वाईट नाही. मात्र त्यात एक चुकीची वाटणी दडलेली आहे.

२/
किल्ला म्हणजे इतिहास आणि समुद्र म्हणजे विश्रांती, ही ती वाटणी. अलिबाग ते मुरूड हे अंतर सुमारे ५० किलोमीटर. या पट्ट्यात जे पडके तट, बुरूज आणि प्रार्थनास्थळे दिसतात, त्यांतील बहुतेक समुद्रव्यापाराने किंवा त्या व्यापारावरच्या सत्तेसाठी झालेल्या झगड्याने उभी केली. समुद्र वगळून ती पाहणे म्हणजे पान फाडून पोथी वाचणे होय.

३/
अलिबाग सोडून नागाव मागे पडले की रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांत शिरतो. हेच चौल. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-मार्गदर्शकात कल्याणनंतरच्या किनारी बाजारपेठांची यादी आहे. तिच्यातले पहिले नाव ‘सेमुल्ला’. कान्हेरीच्या शिलालेखांत ‘चेमुल’ येते. अभ्यासक ही दोन्ही नावे चौलशी जोडतात.

४/
हा केवळ नामसाधर्म्याचा तर्क नाही. या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी चौलला उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन वस्तीचे पुरावे हाती आले. आज रस्त्यावरून जाणाऱ्याला तेथे वाड्या, गडगे आणि विहिरी दिसतात. सुमारे दोन हजार वर्षांचे बंदर मातीखाली आहे आणि त्यावर सुपारी पिकते आहे.

५/
बंदर येथेच का? कुंडलिकेच्या मुखाशी गलबतांना आसरा मिळे, आणि पाठीशी घाट चढून देशावर जाणाऱ्या वाटा होत्या. शिवाय पश्चिमेकडून येणारी जहाजे मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असत. परतीचा वारा सुटेपर्यंत व्यापाऱ्याला थांबणे भाग होते. थांबणाऱ्याला घर लागते, वखार लागते, प्रार्थनेची जागा लागते. बंदराचे नगर होते ते या थांबण्यातून.

६/
अरब प्रवासी अल-मसुदी इ. स. ९१६ च्या सुमारास येथे आला, तेव्हा कोकणावर शिलाहारांचा अंमल होता. त्याने या नगराला ‘सैमूर’ म्हटले आणि येथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, अशी नोंद केली. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले लोक होते. याच भूमीत जन्मलेल्या त्यांच्या संततीसाठी ‘बयासिरा’ हा वेगळा शब्दही त्याने दिला आहे. पिढ्या रुजल्याविना असा शब्द तयार होत नाही.

७/
पुढे १४६९ च्या सुमारास रशियाचा व्यापारी अफनासी निकितिन होर्मुझमार्गे चौलला उतरला. त्याच्याजवळ विकण्यासाठी आणलेला एक घोडा होता. दख्खनच्या सुलतानांच्या फौजांना समुद्रापलीकडून येणारे घोडे हवे असत, हे त्या काळचे साधे व्यापारी सत्य. येथून तो घाट चढून जुन्नरला गेला. रेवदंड्यात आज त्याचे स्मारक आहे. किनाऱ्याकडे धावणाऱ्या किती मोटारी तेथे थांबतात?

८/
मार्च १५०८. याच खाडीच्या तोंडाशी इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार आणि दीवचा मलिक अयाज यांनी पोर्तुगीजांना गाठले. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा या लढाईत मारला गेला. त्याच्या बापाने पुढच्याच वर्षी दीवजवळ सूड उगवला. हिंदी महासागरावर कोणाचा हुकूम चालणार, या प्रश्नाचा एक तुकडा आज बोटी शांतपणे डुलतात त्या पाण्यावर लढला गेला.

९/
१५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्याला कोट बांधायला घेतला. पन्नास वर्षांनी त्याच घराण्यातल्या मुर्तझा निजामशहाने त्याला वेढा घातला. १५७०-७१ चा तो वेढा निष्फळ ठरला. आज रेवदंडा गाव या कोटाच्या आतच नांदते. अनेक प्रवासी तट ओलांडून आत येतात, वाळूकडे जातात आणि परततात. आपण किल्ल्यात होतो, हे त्यांच्या ध्यानीही येत नाही.

१०/
कोटात एक उंच मनोरा दिसतो. लोक त्याला ‘सातखणी’ म्हणतात. सात खणांपैकी आता काहीच उरले आहेत. जवळच ओस पडलेल्या चर्चच्या भिंती आहेत. मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहिल्यावर समुद्राचा आवाज ऐकू येतो. हा कोट कशासाठी होता, हे सांगायला तेवढा आवाज पुरेसा आहे.

११/
पूल ओलांडला की समोरच्या डोंगरावर कोर्लई. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून जिंकला. वसईच्या पाडावानंतर, १७४० मध्ये, चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले आणि फिरंगी सत्ता गेली. भाषा मात्र राहिली. कोर्लई गावातील ख्रिस्ती कुटुंबे आजही पोर्तुगीजपासून घडलेली आणि मराठीच्या सहवासात वाढलेली बोली बोलतात. तिला ती ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. या साऱ्या वाटेवर बोलता येणारा अवशेष हा एकच.

१२/
मग हे नगर संपले कसे? एका दिवसात नाही. खाडीत गाळ साचत गेला, सत्ता बदलत गेल्या आणि उत्तरेला मुंबई वाढत गेली. व्यापाराने वाट बदलली. मोठ्या लढाया सोसून टिकलेले बंदर गाळाने आणि उपेक्षेने निजवले. यातील दुसरे कारण अजून संपलेले नाही.

१३/
मुरूडपाशी दुसरी खाडी लागते, राजपुरीची. तिच्या मुखावरचा जंजिरा सर्वांना ठाऊक आहे. खाडीच्या आतल्या अंगाला कुडा येथे २६ बौद्ध लेणी आहेत. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांचे व्यवसाय कोरले आहेत. माळी, लोखंडाचा व्यापारी, वैद्य, सार्थवाह, महाभोजांच्या पदरचा लेखक. राजांच्या यादीत या माणसांना जागा नाही. बंदराच्या पैशाने त्यांना दगडात जागा मिळाली.

१४/
किनारा ही विश्रांतीची जागा, ही कल्पना स्वतःच फार जुनी नाही. समुद्रस्नानासाठी आणि हवापालटासाठी किनाऱ्यावर जाण्याची प्रथा युरोपात अठराव्या शतकात बळावली आणि मग जगभर पसरली. कोकणात किनारा ही कामाची जागा होती. जाळी सुकवण्याची, मासळी उतरवण्याची, होड्या शाकारण्याची. वाळूवर पहुडणारा पर्यटक या इतिहासातले सर्वांत ताजे पात्र आहे.

१५/
यावर एक रास्त आक्षेप आहे. आठवडाभर राबलेल्या माणसाने सुट्टीतही अभ्यासच करावा काय? मुळीच नाही. समुद्रात डुंबावे, शहाळे प्यावे, वामकुक्षी घ्यावी. मागणी अधिक स्थळे पाहण्याची नाही, कमी पाहण्याची आहे. तीन दिवसांत सहा किल्ले ‘करण्या’पेक्षा एक खाडी नीट पाहिलेली बरी. विश्रांती तिच्यातच आहे.

१६/
हा केवळ रसिकतेचा प्रश्न नाही. घोषित केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला कायद्याने बंदी आहे आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित आहेत. पण चौलसारखे नगर एका स्मारकात मावत नाही. ते गावभर, वाड्यांतून, मातीखाली पसरले आहे. त्याचे रक्षण शेवटी त्याची ओळख असलेल्या लोकांवर अवलंबून राहते.

१७/
आणि ओळख मागणीतून घडते. येणारा प्रत्येक जण केवळ ‘बीच’ विचारत असेल, तर गावही बीचच जपेल. दर रविवारी चार तरुण जरी जुने बंदर कुठे होते, असे विचारू लागले, तरी विहीर खणताना निघालेले खापर फेकण्याआधी कोणी तरी दोनदा पाहील. इतिहासप्रेमाची कसोटी पोस्टवरच्या जयघोषात नाही, या साध्या प्रश्नात आहे.

१८/
म्हणून पुढच्या सुट्टीचा बेत असा करून पाहावा. पहिला दिवस चौलच्या वाड्यांत आणि रेवदंड्याच्या कोटात पायी. दुसऱ्या सकाळी ऊन चढण्याआधी कोर्लईचा डोंगर, मग दिवसभर समुद्र. तिसऱ्या दिवशी कुडा. भिंतीवर नाव कोरू नये, खापर उचलून खिशात घालू नये.

१९/
कोर्लईच्या माथ्यावर मात्र घाई नको. एका हाताला खुला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी, पलीकडे रेवदंड्याचा तट आणि त्यामागे चौलच्या वाड्यांचा हिरवा पट्टा. भरतीचे पाणी आत शिरताना अर्धा तास नुसते पाहत बसावे. सेमुल्लाला येणारी गलबते याच तोंडातून आत शिरत असत.