टोपली भरा, टोपली परत आणा!

थंडी पडली की ऑफिसमधल्या प्रत्येक ग्रुपमध्ये एकच साथ पसरते. पिकनिकची! सोमवारी लंच टाइमला कुणीतरी पिल्लू सोडतं, मंगळवारी व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो, गुरुवारी अर्धे जण गळतात आणि शुक्रवारी रात्री उरलेली आठ टाळकी सुपरमार्केटात शिरून दिसेल ते ट्रॉलीत टाकतात. त्यात आता पिकनिक साधीसुधी चालत नाही, एकदम स्टायलिश हवी. पांढरीशुभ्र चादर, वेताची टोपली, बरणीत लिंबाच्या चकत्या तरंगणारं सरबत आणि मागे पवनेचं नाहीतर मुळशीचं निळंशार पाणी. फोटो तर सही येतातच!

स्टाइल करायला आपली काही हरकत नाही. पण फोटोत तीन गोष्टी दिसत नाहीत. वारा, मुंग्या आणि आपण उठल्यानंतरची तीच जागा. म्हणून या वेळच्या शॉपिंगसाठी एक साधा फंडा. प्रत्येक वस्तू उचलताना स्वतःला विचारा, ‘ही संध्याकाळी माझ्याबरोबर घरी परत येणार आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल तर टोपलीत, ‘नाही’ असेल तर रॅकवर परत. बस्स. बघा, निम्मी खरेदी आपोआप रद्द होते आणि उरतं ते जास्त देखणं असतं.

यूज अँड थ्रोला टाटा

पहिली कुऱ्हाड प्लॅस्टिकच्या प्लेट्स, ग्लास, चमचे आणि स्ट्रॉवर. हा नुसता पर्यावरणाचा डोस नाही हं, कायदा आहे. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या अशा वस्तूंवर बंदी आली, तेव्हा पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड ठरला. १ जुलै २०२२ पासून तर देशभर बंदी आहे. त्या यादीत फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या आणि सजावटीचा थर्माकोलही आहे. म्हणजे ‘हॅपी बर्थडे’ची थर्माकोलची अक्षरं घेऊन धरणाकाठी जाणार असाल, तर विसरा!

त्याऐवजी घरातल्या स्टीलच्या ताटल्या घ्या. वाऱ्याने उडत नाहीत, रश्श्याने वाकत नाहीत. जेवण झालं की जुन्या कागदाने पुसून एकावर एक रचायच्या, घासायच्या घरी आल्यावर. (कागद फक्त पुसायला. वर्तमानपत्रात खाणं बांधू नका, छपाईची शाई अन्नात उतरते.) अगदीच ताटल्या नको असतील तर पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण. दिसायला झक्कास! पण ‘पान आहे, कुजून जाईल’ म्हणत तिथेच टाकून यायचं नाही. खरकट्या पत्रावळीही परत आणायच्या.

बैठक जमली पाहिजे

पांढरी चादर फोटोपुरती ठीक आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी गवत दवाने ओलं असतं, दहा मिनिटांत चादर आणि जीन्स दोन्ही गार. म्हणून खाली ताडपत्री, वर सतरंजी आणि त्यावर मस्त रंगीत सोलापुरी चादर. चार कोपऱ्यांवर चार दगड किंवा चार जणांचे बूट. टेकायला घरातल्याच दोन-चार उशा, फक्त अभ्रे जरा कलरफुल घाला. ऊन चढल्यावर कामाला येईल अशी एक मोठी छत्री आणि प्रत्येकाची टोपी. टोपली मात्र खरंच बांबूची घ्या. पुण्यात बुरूड आळीत चक्कर मारा, शोभेच्या ‘पिकनिक बास्केट’पेक्षा कितीतरी मजबूत मिळेल.

आणि झाडाखाली पसरण्याआधी एकदा मान वर करून बघा. आग्या मोहोळ दिसलं तर जागा बदला. धूर आणि उग्र वासाने या माश्या चवताळतात, म्हणून किल्ल्यावर किंवा जंगलाजवळ बार्बेक्यू, उदबत्ती, परफ्यूमचा फवारा यांतलं काहीच नको. माश्या उठल्याच तर सामान तिथेच सोडायचं, तोंडावर ओढणी किंवा जॅकेट घ्यायचं आणि पळत गाडी गाठायची. हात झाडत बसायचं नाही.

थंड ते थंडच राहू दे

आता खाण्याचं गणित. सकाळी आठला निघून तुम्ही जेवणार दुपारी एकला. म्हणजे डबा पाच तास बाहेर. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये जंतू भराभर वाढतात. त्यामुळे चिकन, पनीर, अंडी, मेयोनीजवाली सँडविचेस यांसारखे नाजूक पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नयेत, आणि पारा ३२ अंशांच्या वर गेला तर एकच तास. गाडीच्या डिकीत तो किती लवकर वर जातो, हे वेगळं सांगायला नको. रविवारची पिकनिक आणि सोमवारी अख्ख्या टीमचं पोट बिघडलेलं, असा सीन कोणत्याच होस्टला परवडत नाही.

यावर स्वस्त आणि मस्त उपाय आहे. आदल्या रात्री पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवा. काचेच्या नकोत, आणि वरचा थोडा भाग रिकामा सोडा, कारण गोठताना पाणी फुगतं. सकाळी त्याच बाटल्या आइसबॉक्समध्ये डब्यांभोवती रचा. डबे गार राहतात आणि दुपारपर्यंत बर्फाचं प्यायचं पाणी होतं. एका बाटलीत दोन कामं! याशिवाय माणशी दोन लिटर पाणी धरा आणि हात धुवायला तोटीवाला एक कॅन वेगळा ठेवा.

त्याहून सोपं म्हणजे मेन्यूच टिकाऊ ठेवा. आपल्या आज्या प्रवासाला दुधात मळलेल्या दशम्या न्यायच्या ते उगाच नाही. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, बाकरवडी, गूळपोळी आणि सीझनची महाबळेश्वरी स्ट्रॉबेरी. यात चमच्याचं काम नाही आणि हे फोटोतही पास्त्याच्या तोंडात मारेल असं दिसतं. सँडविच हवंच असेल तर ब्रेडला कडेपर्यंत लोणी लावा, म्हणजे तो ओला होत नाही. काकडी-टोमॅटो मात्र तिथे गेल्यावर कापा. माश्यांसाठी जाळीची दोन झाकणं विसरू नका.

छोटा पाउच, मोठं काम

एका झिपच्या पाउचमध्ये हे भरा : म्यान असलेली सुरी, ओपनर, मीठ-मिरी, रबरबँड, बँडेज, ओआरएसची पाकिटं, ज्याला ॲलर्जी आहे त्याचं औषध, टॉर्च. वेट वाइप्सऐवजी ओले केलेले सुती नॅपकिन डब्यात घाला. स्पीकर? राहू दे घरी. सगळ्या काठाला तुमची प्लेलिस्ट ऐकायची नसते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं सामान म्हणजे कचऱ्याच्या दोन पिशव्या, एक ओल्याची, एक सुक्याची. त्या शेवटी शोधायच्या नाहीत, चादर पसरल्या पसरल्या उघडून ठेवायच्या. दिसायला बऱ्या वाटत नसतील तर त्यांनाही एक टोपली द्या.

होस्टने पण बसायचं असतं

‘पिकनिक’ हा शब्द फ्रेंच ‘पिक-निक’वरून आला आणि त्याचा मूळ अर्थच प्रत्येकाने आपला वाटा आणायचं जेवण. आपल्याकडे त्यालाच अंगतपंगत म्हणतात, आणि कार्तिकातलं आवळीभोजन तर थेट झाडाखालचं. तेव्हा सगळा भार स्वतःच्या खांद्यावर घेऊ नका. पण ग्रुपवर ‘काहीतरी आणा रे’ असंही टाकू नका, सहा जण वेफर्स घेऊन येतील! नावानिशी कामं वाटा. सतरंजी कुणाची, आइसबॉक्स कुणाचा, दशम्या कुणाच्या, आणि पिशव्या परत आणणार कोण. हे शेवटचं नाव आधीच ठरलं नाही, तर पिशवी हमखास झाडाखाली राहते.

निघताना मोजून घ्या. जेवढ्या वस्तू गेल्या तेवढ्या गाडीत आल्या, मागे फक्त दबलेलं गवत उरलं, की समजा पिकनिक एकदम टकाटक! आता एकच काम बाकी. सोमवारी सगळे डबे ज्याचे त्याला परत. आईचे असतील तर रविवारी रात्रीच, झाकणांसकट!