आधी पडायला शिकवा!

१९६५ साली अमेरिकेत शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की जोडून एक फळी केली. तिच्यातूनच पुढे स्नोबोर्डिंग आले आणि १९९८ साली नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पोहोचले. मी बर्फाचा डोंगर पाहिलेला नाही. परंतु या खेळातील शिकवण्याची रीत मला पटते. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, तेव्हा नवखा पडणारच! म्हणून त्याला आधी सौम्य उतारावर नेऊन मनगट सांभाळून पडायला आणि फळीच्या कडेवर थांबायला शिकवतात.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आम्हांला मात्र पहिल्याच दिवशी कड्यावर उभे करतात. एकदा नापास झालो, की घरचे म्हणतात, 'पुरे, आता कामाला लाग.' गुरुजनहो, परीक्षा सोपी करू नका. पहिल्या सत्रात आमच्या चुकीच्या उत्तरांना वर्गात जागा तेवढी द्या.