यदृच्छा आणि घाट : संगणकीय कवितेपुढे ॲरिस्टॉटल

ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र 1957 मध्ये मराठीत आणणारे विंदा करंदीकर हे स्वतः घाटाचे प्रयोग करणारे कवी होते. तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील धालवलीचा हा कवी मुक्त सुनीत आणि तालचित्र हे घाट घडवीत होता. मराठीत सुनीत रुजविणारे केशवसुतही याच जिल्ह्यातील मालगुंडचे. काव्यशास्त्र आणि प्रयोग यांचे हे साहचर्य अध्यापनात मात्र क्वचितच जाणवते. अनुकृती, कॅथार्सिस या संज्ञा पाठ केल्या जातात आणि संगणकीय कवितेचा प्रश्न आला की ती एक तर काव्यबाह्य ठरते, नाही तर सर्व निकषांच्या पलीकडची. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत.

या कवितेचा आरंभ 1959 मध्ये शोधता येतो. त्या वर्षी जर्मनीत थेओ लुट्झ यांनी काफ्काच्या 'द कॅसल'मधील मोजके शब्द संगणकाला पुरवून यदृच्छेने वाक्ये जुळविली. 1961 मध्ये फ्रान्समध्ये रेमों केनो यांनी दहा सुनीते अशी रचली की कोणत्याही सुनीताची ओळ दुसऱ्यातील त्याच क्रमांकाच्या ओळीच्या जागी बसावी. चौदा ओळी, प्रत्येकीचे दहा पर्याय. म्हणून एक लाख अब्ज कविता. केनोंची कृती छापील असली, तरी तिचे तत्त्व गणनयंत्राचेच आहे.

येथे काव्यशास्त्राचे सातवे प्रकरण उपयोगी पडते. दहा हजार स्टेडिया लांबीचा प्राणी सुंदर असू शकत नाही, कारण तो दृष्टीच्या एका आवाक्यात येत नाही, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. केनोंची सर्व सुनीते एका आयुष्यात वाचणे अशक्य आहे. परंतु त्यांचा नियम क्षणात आकळतो. तेव्हा अशा कृतीची एकात्मता संहितेत नव्हे, नियमात शोधावी लागते.

नवव्या प्रकरणाचा उपयोग त्याहून अधिक आहे. आर्गोस येथे मिटिसचा पुतळा मिटिसच्याच मारेकऱ्यावर कोसळला. असा योगायोग हेतुपूर्ण भासतो, म्हणून तो अधिक विस्मयकारक ठरतो, असे तेथे प्रतिपादन आहे. यदृच्छेने जुळलेल्या ओळींसाठी याहून नेमका निकष मिळणे कठीण. यंत्राने दिलेली प्रत्येक ओळ कविता नव्हे. जी अटळ वाटते तीच कविता. आणि ती अटळता शक्य करणारे शब्द व नियम निवडणारा कवीच असतो.

ॲरिस्टॉटलचे हे विवेचन शोकात्मिकेच्या कथानकाविषयी आहे, भावकवितेविषयी नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच कॅथार्सिसची सक्ती येथे करू नये. परंतु आकार आणि यदृच्छा यांविषयीचे त्याचे प्रश्न कथानकापुरते मर्यादित नाहीत. दृश्य परिणाम कवीपेक्षा मुखवटे करणाऱ्याच्या कौशल्यावर अधिक अवलंबून असतो, हा त्याचा इशाराही पडद्यावरील हलत्या अक्षरांना लागू पडतो. ग्रीक काव्यशास्त्र संज्ञांची यादी म्हणून शिकविले, तर ते निर्जीव राहील; प्रश्नांची पद्धती म्हणून शिकविले, तर नव्या कवितेपुढेही ते निरुत्तर होणार नाही.