उत्तर आलं नाही तर?

मुलांनो,

परीक्षा जवळ आली की प्रार्थनेला किती जोर चढतो, हे मी तुम्हांला सांगायला नको! एरवी जेवणाआधीची प्रार्थना एका दमात उरकणारी मंडळी गणिताच्या पेपराच्या आदल्या रात्री गुडघे टेकून बराच वेळ बसतात. त्यात वाईट काही नाही. पण आज ज्या प्रार्थनेबद्दल बोलायचंय ती पेपराची नाही.

आमच्या कोळगावाहून बोईसर जवळच. तिथल्या कारखान्यांत आईबाबा कामाला जातात अशी पुष्कळ मुलं माझ्या वर्गात असतात. चौथीतल्या एका मुलीच्या बाबांचं काम सुटलं. मधल्या सुट्टीत ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "बाई, मी रोज प्रार्थना केली होती. देवानं ऐकली नाही का?"

अशा प्रश्नाला झटकन उत्तर देऊ नये. म्हणून मी तिला पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हांला सांगते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. मुलींना शिकवणं पाप समजलं जाई त्या काळात त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि तिनं लेकीला. सारं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गावोगाव हिंडायचं. पुढे दुष्काळ पडला. उपासतापास झाले, दानधर्म झाला, होतं नव्हतं ते सगळं संपलं. थोड्याथोड्या अंतरानं वडील, आई आणि मोठी बहीण तिघंही गेली. उरले रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देशभर फिरली. झेलम नदीकाठी एकदा इतकी थंडी पडली, की अंगावर पांघरूण नाही म्हणून त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि मानेपर्यंत कोरडी वाळू ओढून रात्र काढली! अशा मुलीच्या मनात देवाविषयी प्रश्न उभे राहिले, तर नवल काय?

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. पण १८८० मध्ये भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, तर १८८२ मध्ये तेही गेले. पदरात मनोरमा, जेमतेम वर्षाची.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. पण कानांनी नीट ऐकू येईना आणि तो बेत मोडला. त्याच वर्षी वाँटेज गावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता तुम्हांला वाटेल, झालं, श्रद्धा मिळाली, प्रश्न मिटले. छे! ज्या सिस्टरांनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीच त्या धर्माच्या प्रश्नांवर पत्रांतून वाद घालत राहिल्या. पुढे आपल्या आत्मकथनात त्यांनी लिहून ठेवलंय, की ख्रिस्ती धर्म तर आपल्याला सापडला होता, पण ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं गेली. आठ वर्षं! पहिलीतलं पोर नववीत जाईल एवढा काळ. मला हे वाक्य फार धीर देतं. श्रद्धा हळूहळू वाढते, आणि मध्ये प्रश्न पडले म्हणून ती खोटी ठरत नाही.

गेथशेमाने बागेतली गोष्ट तुमच्यापैकी काहींनी रविवारच्या शाळेत ऐकली असेल. पकडले जाण्याच्या रात्री येशूनं दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. प्याला टळला नाही. मग ती प्रार्थना कमी पडली, असं कोण म्हणेल?

पालकहो, हे मुद्दाम तुमच्यासाठी. 'तू मनापासून प्रार्थना केली नसशील' असं मुलाला कधी म्हणू नका. आजी बरी झाली नाही, बाबांची नोकरी राहिली नाही, याचं ओझं आठ-नऊ वर्षांच्या जिवावर येतं. त्यापेक्षा शेजारी बसा आणि त्याच्याबरोबर प्रार्थना करा. राग आला असेल तर रागही देवाला सांगू द्या. आणि मुलांनो, पाठ केलेले शब्द आठवले नाहीत तरी चालेल. आपल्या बोलीत बोला. वाडवळी, आगरी, वारली, जी घरात आहे ती.

रमाबाईंच्या प्रार्थनेतून काय झालं ते बघा. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्याला नेलं. धर्मांतराच्या वादावरून बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागारांनी अंग काढून घेतलं. रमाबाई थांबल्या नाहीत. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता, म्हणून केडगावच्या माळावर त्यांना ठेवलं. स्वतः दुष्काळात पोळलेली बाई! त्या मुलींच्या पोटातली आग तिला सांगावी लागली नाही. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, छापखाना, अंध मुलींसाठी बार्तीमी सदन असं एकेक उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथे दोन हजारांच्या आसपास मुली आणि बायका होत्या. रोज पहाटे प्रार्थना, आणि मग दिवसभर काम.

पुढे खेड्यातल्या बाईलाही समजावं म्हणून सोप्या मराठीत बायबल आणायचं त्यांनी ठरवलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. केडगावच्याच मुली छापखान्यात खिळे जुळवत. हे काम चालू असताना १९२१ साली मनोरमा गेली. संस्था सांभाळायला जिच्यावर भरवसा ठेवला होता, ती एकुलती लेक. तरी बायबलाचं काम चालू राहिलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. मुक्ती मिशन आजही केडगावला आहे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीनं गेलात, तर वाटेत ते स्टेशन लागतं.