कोटणीसांच्या जिल्ह्यात चिनीचा बाऊ

प्राथमिक शाळेत चिनी शिकवावी असे म्हटले, की पंढरपुरात आम्हांला दोन उत्तरे मिळतात : ‘आधी मराठी तरी धड येऊ द्या’ आणि ‘शत्रूची भाषा कशाला?’

पहिला आक्षेप आम्हांला बराचसा मान्य आहे. म्हणूनच आमची मागणी माफक आहे : आठवड्याला एक तास, परीक्षा नाही, गाणी, गोष्टी, सण आणि कानांची ओळख. चिनीत स्वराच्या चढउतारानेही शब्दाचा अर्थ पालटतो. तो फरक कोवळे कान सहज टिपतात.

दुसरा आक्षेप मात्र आम्हांला लाजिरवाणा वाटतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या २०१९च्या मसुद्यात, माध्यमिक स्तरावरील परकी भाषांच्या उदाहरणांत चिनी होती. गलवाननंतर सुमारे दीड महिन्याने, जुलै २०२०मध्ये आलेल्या अंतिम धोरणात ती नाही. सीमेवरचा राग भाषेवर काढण्यात कसले शौर्य? शत्रूच मानायचे, तर त्याचे बोलणे अधिकच कळायला हवे.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये चीनला गेले, चिनी शिकले, त्याच भाषेतून शिकवू लागले आणि १९४२मध्ये तिथेच वारले. मुलांना त्यांच्यावर निबंध लिहायला लावायचा आणि त्यांनी कष्टाने मिळवलेली भाषा मात्र वर्ज्य ठरवायची, हा दुटप्पीपणा आहे.

पंढरपूरने तर असे मुळीच म्हणू नये. इथल्या नामदेवांची पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत. खुद्द विठ्ठलाला संतांनी कानडा म्हटले. वारीत कानडी, तेलुगू ऐकत वाढणाऱ्या मुलांना आणखी एक भाषा जड जाणार नाही. जड जाते आहे ती आपल्याला.