घोड्याला गणित येत नव्हतं. मग काय येत होतं?

आमच्या ऑफिसच्या गेटवर एक भटकी कुत्री असते. मागच्या महिन्यात तिची पिल्लं लोकांनी घरी नेली. नंतर दोन दिवस ती पार्किंगच्या त्याच कोपऱ्यात जाऊन हुंगत होती. मी म्हणालो, ‘पिल्लं शोधतेय.’ टीममधल्या एकाने लगेच ऐकवलं, ‘आपल्या भावना तिच्यावर लादू नकोस. ते फक्त इन्स्टिंक्ट आहे.’ विषय संपला.

माझा आक्षेप या विषय संपवण्याला आहे. ‘इन्स्टिंक्ट’ म्हटलं की शोधायचं काही उरतच नाही. बग सापडत नाही म्हणून ‘नेटवर्क इश्यू असेल’ असं लिहून तिकीट बंद करतात, तसंच हे.

या मंडळींचा आवडता दाखला म्हणजे क्लेव्हर हान्स. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. १९०४ मध्ये तपासायला बसलेल्या समितीला लबाडी सापडली नाही. मग ऑस्कार फुंग्स्ट याने साधी युक्ती केली. ज्याला स्वतःलाच उत्तर माहीत नाही, अशा माणसाला त्याने प्रश्न विचारायला लावला. हान्स चुकू लागला. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि ते पाहून घोडा थांबायचा.

घोड्याला गणित येत नव्हतं, हे खरंच. पण जी हालचाल भल्याभल्या परीक्षकांना दिसली नाही, ती त्याला दिसत होती! हे कळलं ते फुंग्स्टने शंका शेवटपर्यंत नेली म्हणून. अर्धवट शंका ‘घोडा मठ्ठ’ म्हणून घरी गेली असती.

रील्सवाल्यांनाही सूट नाही. ‘बघा, कुत्र्याला चूक कळली!’ म्हणून आपण हार्ट टाकतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये दाखवलं, की तो अपराधी चेहरा कुत्र्याने खरंच चूक केली का यावर नाही, तर मालक रागावला का यावर ठरतो. माया असली म्हणून प्रयोग टाळता येत नाही.

पण मायेशिवाय प्रश्नच सुचत नाहीत. जेन गुडाल १९६० मध्ये आजच्या टांझानियातल्या गोम्बेला गेल्या, तेव्हा त्यांच्याकडे पदवीही नव्हती. त्यांनी चिंपांझींना नावं दिली. पुढे केंब्रिजमध्ये त्यांना ऐकवलं गेलं, की नंबर द्यायला हवे होते. पण त्यांनी डेव्हिड ग्रेबिअर्ड असं नाव दिलेल्या चिंपांझीलाच वारुळात गवताची काडी घालून वाळवी काढताना पाहिलं आणि ‘अवजारं फक्त माणसाची’ ही समजूत कोसळली. त्याच गुडाल यांनी चिंपांझींना केळी घातली, त्याने त्यांचं वागणं बदललं, ही टीकाही रास्त आहे. म्हणजे नावं द्या, पण स्वतःच्या हातातल्या केळ्यावरही संशय घ्या.

आणि शंका बरोबर ठरली की काम संपतं का? निम हा चिंपांझी. १९७३ मध्ये जन्मला, न्यूयॉर्कमध्ये माणसांच्या घरात वाढला, खुणांची भाषा शिकला. हर्बर्ट टेरेस यांनी व्हिडिओ पुन्हा तपासले आणि १९७९ मध्ये लिहिलं, की निम बहुतेक वेळा शिक्षकांचीच नक्कल करतोय, वाक्यरचना त्याला येत नाही. निष्कर्ष प्रामाणिक होता. पण पुढे निमची रवानगी वैद्यकीय प्रयोगशाळेत झाली. लोकांनी आरडाओरडा केला, म्हणून सुटला. व्याकरण येत नाही म्हणजे पिंजरा कळत नाही, असं कुठल्या प्रयोगाने सिद्ध केलं होतं?

गेटवरची ती कुत्री दुःखी होती का, मला माहीत नाही. ती दुःखी नव्हती, हे माझ्या मित्रालाही माहीत नाही. फरक इतकाच, की मी माझं वाक्य तपासायला तयार आहे. त्याला मात्र वाटतं, की त्याचं वाक्य तपासायची गरजच नाही. त्याला तो विज्ञान म्हणतो. मला तो नुसता आळस वाटतो.